उघडी डिस्क

कॅसेटवाल्याला घाणीची भारी किळस. आणि नशीब बघा, धंदा मिळाला तो दुसऱ्यांच्या बुरशीचा! लोक माळ्यावरून, पलंगाखालून, कुठकुठल्या ट्रंकांतून जुन्या व्हिडिओ कॅसेटी काढून आणायचे. झाकण उचकटलं की आतल्या फितीवर पांढरी लव, कधी झुरळांची अंडी, एकदा तर अख्खी वाळलेली पाल निघाली. मग हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल, शेजारी स्पिरिटची बाटली, असा सगळा जामानिमा करून तो ती फीत पुसायचा आणि मशीनला लावायचा. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "तू डॉक्टरच व्हायचास, चुकून इकडे आलास."

"डॉक्टर? जिवंत माणसांना हात लावायचा? शी!" कॅसेटवाला म्हणायचा, आणि ते तो अगदी मनापासून म्हणायचा.

डीव्हीडीवर आपलं आपल्याला काही लिहिता येतं, ही गोष्टच तेव्हा नवी होती. बाजारात नुसता सावळागोंधळ. काही कंपन्या म्हणत प्लसवाली डिस्क खरी, काही म्हणत मायनसवाली खरी, आणि गिऱ्हाइकाच्या घरचा प्लेअर दोघींकडे बघून तोंड वाकडं करायचा. कॅसेटवाल्याकडे मायनसचा रेकॉर्डर होता. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागायचा, घाई चालायची नाही. सगळं उतरलं की शेवटी डिस्क बंद करायची. मशीनला तसा हुकूम दिला की ते दोन-तीन मिनिटं घरघर करायचं, आणि मग त्या डिस्कवर पुन्हा काही लिहिता येत नसे. बंद केल्याशिवाय ती दुसऱ्या प्लेअरवर चालतही नसे.

पण कॅसेटवाला ती लगेच बंद करत नसे. लोकांना हमखास दोन दिवसांनी आणखी एक कॅसेट सापडायची. "अहो, हीपण घाला ना त्यातच!" म्हणून गिऱ्हाईक दारात येईपर्यंत डिस्क उघडी ठेवायची, ही त्याची रीत. त्याच्या खणात अशा आठ-दहा डिस्का कायम पडलेल्या असत. त्या आठवड्यात त्याच्या आईचीही त्यातच होती.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. पहिलावहिला कॅमेरा घेतला तेव्हा त्यानं तो शिलाई मशीनवर बसलेल्या आईवर चालवून बघितला होता. बावीस मिनिटं. हलती-बोलती आई म्हणून काय ती तेवढीच. शनिवारी ताई ती न्यायला येणार होती. सोमवारी त्यानं कॅसेट उतरवली, आणि बाहेर काढताना बुरशी धरलेली फीत मशीनमध्ये अडकून तिचे तुकडे झाले. त्यानं ते चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकले. म्हणजे आता आई उरली ती फक्त डिस्कवर.

ती डिस्कही धड नव्हती. चांगल्या कंपनीच्या संपल्या, म्हणून फेरीवाल्याकडच्या बिननावाच्या चळतीतली एक घेतली होती. खालची बाजू जांभळी, आणि तिला ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास.

मंगळवारी त्यानं ती ट्यूबलाइटखाली धरली. डिस्क किती लिहिली गेली हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, लिहिलेला भाग मधल्या भोकाभोवती गडद कड्यासारखा दिसतो. काल ते कडं नखाएवढं रुंद होतं. आज बोटाएवढं झालं होतं.

"च्यायला, माझाच काहीतरी घोळ झालाय," तो म्हणाला आणि त्यानं डिस्क लावली. आकडा आला एकतीस मिनिटं.

आई दिसली. सुईत दोरा ओवता ओवता ओरडली, "बंद कर मेल्या ते! माझा अवतार बघ!" मग हसली, उठली, कॅमेऱ्यावर हात ठेवला. काळोख. कॅसेट इथेच संपत होती.

काळोखातून एक खोली वर आली. ताईच्या घरातली मागची खोली, कपाटाच्या उंचीवरून दिसणारी. पलंगावर आई, शेवटच्या दिवसांतली. हे कोणीही, कधीही चित्रित केलं नव्हतं. कॅमेरा तर त्यानं त्याआधीच विकून टाकला होता. आई रिकामं तोंड चघळत होती. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती आणि कमरेखालच्या चादरीवर एक डाग हळूहळू पसरत होता. त्या तोंडाचा चपचप आवाज येत होता. त्यानं आधी आवाज बंद केला, मग चित्र. लाज वाटायला हवी होती, पण वाटली ती किळसच.

चळतीतली डिस्क आधी वापरलेली असेल, म्हणून त्यानं उरलेल्या सगळ्या तपासल्या. कोऱ्या करकरीत. खणातल्याही जशाच्या तशा होत्या.

आता हे सांगायलाच हवं. दीड वर्ष आईचं सगळं ताईनं काढलं होतं. तिच्या नवऱ्याचं परगावी ऑपरेशन निघालं तेव्हा ती याला म्हणाली, "तीनच दिवस रे बाळा, घरी येऊन राहा. तिला कोरडी ठेव, बाकी काही नको." दुसऱ्या दिवशी आई गेली. "झोपेतच गेली गं, ताई. शांत होती," त्यानं सांगितलं. ताई त्याचे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, "तू होतास म्हणून मी सुटले बघ. नाहीतर जन्मभर मनाला खात राहिलं असतं." त्याच्या त्या एका वाक्यावर ताई पुन्हा जेवायला-झोपायला लागली होती.

बुधवारी डिस्क अठ्ठेचाळीस मिनिटांची झाली. गुरुवारी सत्तर. कडा चिकट झाल्या, मोज्यांना जांभळं लागायला लागलं. चष्मेवाला दारातूनच ओरडला, "काय रे, उंदीर मेलाय का तुझ्याकडे?"

गुरुवारच्या चित्रात खोलीचं दार उघडलं. दारात कॅसेटवाला स्वतः उभा होता, नाकाला रुमाल लावून. त्यानं जेवणाची ताटली जमिनीवर ठेवली, पायानं आत सरकवली आणि दार ओढून घेतलं.

"बाळा," आई म्हणाली. "अरे, ओलं झालंय."

असं चारदा म्हणाली. मग पांघरूण हललं आणि पलंगावरून एक पाऊल खाली आलं. सुजलेलं, डागाळलेलं. ते जमिनीला टेकलं.

त्यानं भिंतीतून वायरच उपटली. त्या पावलानंतर काय झालं, हे सगळ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते ताईला कळून चालणार नव्हतं.

शुक्रवारी त्यानं डोकं शांत ठेवून काम केलं. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याचा रेकॉर्डर अर्ध्या दिवसासाठी मागून आणला. चांगल्या कंपनीची, सीलबंद डिस्क फोडली. जुनीवरून फक्त पहिली बावीस मिनिटं तिच्यावर उतरवली. आईचा हात कॅमेऱ्यावर आला, त्या क्षणी बटण दाबलं. आणि तिथल्या तिथे नवी डिस्क बंद केली. मशीन घरघरलं, थांबलं. ट्यूबलाइटखाली धरून बघितलं तर नखाएवढं कडं. कोरडी, स्वच्छ, वास नाही.

मग जुनी मोडायला घेतली. ती तुटेना. चामड्यासारखी वाकली, तिचे दोन पापुद्रे सुटले आणि मध्ये जांभळट बुळबुळीत तार ताणली गेली. त्याला भडभडून ओकारी आली. तीन पिशव्यांत बांधून ती त्यानं कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकली, आणि गाडी वळून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

शनिवारी दुपारी ताई आली. डिस्क तिनं दोन्ही हातांनी घेतली.

रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"बघितली रे."

"चालली ना तुझ्या प्लेअरवर?"

"चालली. आई किती हसली! मेल्या म्हणाली तुला."

"हो ना!" त्याचा जीव भांड्यात पडला.

"मग अंधार झाला. मला वाटलं, संपली. बंद करायला उठलेसुद्धा."

त्यानं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"काल संध्याकाळपासून बघतेय मी, बाळा. अजून चालूच आहे."

"बावीस मिनिटांची आहे ती, ताई. मी स्वतः बंद केलीय. काढ ती. आधी बाहेर काढ."

ताई रडत नव्हती. तिचा आवाज हळू होता, शेजारी कोणी आजारी माणूस झोपलेलं असावं तसा.

"आई दारापर्यंत आलीय. सरपटत. कडीला हात पोचत नाहीये तिचा."

"ताई, ऐक माझं..."

"दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसतायत, बाळा. कधीचे दिसतायत. तू हलत का नाहीयेस?"