तोआकासे बसली की पडदा काळा

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटते त्याने आमच्या वावाऊ बेटावर यावं. नेयाफूच्या धक्क्यावर कोणालाही तोआकासेचं घर विचारावं आणि हे तिच्या तोंडावर म्हणून दाखवावं. मग पळता भुई थोडी झाली तर माझ्याकडे रडत येऊ नये.

तोआकासे माझी थोरली जाऊ. तिच्या जिभेला गावातला पाद्रीसुद्धा वळसा घालून जातो.

मोठं वादळ होऊन गेलं, त्याच आठवड्यातली गोष्ट. तिचा भाऊ फोलाऊ होडी घेऊन मासे धरायला गेला होता, तो परत आलाच नाही. एकटाच गेला होता. बायको केव्हाच वारलेली. घरात मुलगा सेमिसी आणि सून सेईनी, एवढंच काय ते. सेमिसी गावातले गडी घेऊन बापाला शोधायला दक्षिणेला हापाई बेटांकडे गेला आणि घरात सेईनी एकटी उरली.

तोआकासे आपली उशी घेऊन भावाच्या घरी आली ती तिथेच ठाण मांडून बसली. बापाची बहीण. आमच्यात आत्याच्या शब्दापुढे कोणाचं चालत नाही. ती म्हणेल तोवर शोध चालणार, ती थांबा म्हणाली की दुखवट्याच्या चटया कमरेला बांधायच्या.

लोक दबक्या आवाजात म्हणायला लागले होते, थांबा म्हण आता.

ती म्हणत नव्हती.

सेमिसीचा लॅपटॉप घरात होता. रोज संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की तो तिकडून फोन लावायचा, आणि मग लॅपटॉपवर त्याचं तोंडही दिसायचं. सेईनी समोर बसायची. तोआकासे दारात उभी राहून ऐकायची. असल्या यंत्रापुढे बसणं तिला कमीपणाचं वाटे.

शनिवारी संध्याकाळी सेमिसीचा आवाज वेगळाच होता.

"आत्याला बोलाव. एका ओसाड बेटावर टोपी सापडलीय. केवड्याच्या पातीची."

"वाऱ्याने नेली असेल," सेईनी म्हणाली.

"वाऱ्याला गाठ मारता येते का? फांदीला बांधलेली होती."

फोलाऊची टोपी तोआकासेने स्वतः विणलेली. तशा टोप्या आमच्याकडे घरोघर असतात. पण तिच्या डाव्या हाताचं एक बोट लहानपणी मोडून वाकडं जुळलंय, त्यामुळे काठ वळवताना दर वेळी एक पात आत दबते. दुसऱ्याला ते दाखवलं तरी कळत नाही. तिला लांबून कळतं.

टोपी तिच्या हातची असेल तर भाऊ जमिनीला लागला होता. जिवंत.

ती आत आली. सेईनीला बाजूला सारलं आणि लॅपटॉपसमोर मांडी घातली.

मागे चटई वाजली... कोणी हळूच बूड टेकवावं तशी.

आणि पडदा काळा झाला.

"आत्या, दिसतेय ना?" आतून सेमिसीचा आवाज येतच होता. "हा बघ काठ. आत्या?"

"काय दाखवतोस? काळोख?"

सेईनीने वाकून कळा दाबल्या. काही नाही. तोआकासे वैतागून उठली.

पडदा उजळला. सेमिसी टोपी कॅमेऱ्यासमोर धरून उभा होता.

ती झटकन पुन्हा बसली.

चर्र... चटई.

काळोख.

"तू काय केलंस?" तिने सेईनीला विचारलं.

"मी कुठे काय केलं?"

"मी बसले की तुझं बोट कुठे जातं?"

"माझी दोन्ही बोटं... माझे दोन्ही हात हे बघा इथे आहेत, आत्या."

तोआकासेने ते हात नीट पाहून घेतले. संशय तिला दम्यासारखा आहे, एकदा चढला की सहज उतरत नाही. ही पोरगी पहिल्यापासून म्हणत होती की आता पुरे करू या, नवऱ्याला परत बोलावू या. सासऱ्याचं घर, सासऱ्याची जमीन, आणि अंगणात खाष्ट आत्या नाही. कोणाला नको असतं?

सेमिसीने टोपीचा फोटो पाठवला. सेईनीने तो उघडला, नीट दिसला. आत्या बसली, गेला. सेईनीच्या तडकलेल्या फोनवर बघायचं तर टोपी नखाएवढी.

"यात मला माणूस आणि नारळ सारखाच दिसतो," तोआकासे म्हणाली. "वीण कुठून दिसणार?"

टोपीच पाठव म्हणावं, तर हापाईची बोट पुढच्या आठवड्यात. आणि गावचे पुढारी सोमवारी उत्तर मागायला येणार होते. गडी थकलेत, समुद्र पुन्हा फुगतोय, हो की नाही ते सांगा.

रविवार देवाचा. रविवारी आमच्याकडे कोणी काडीला हात लावत नाही.

तोआकासेने प्रार्थनेहून येताना नेयाफूच्या माकाला खांद्याला धरून आणला.

हा माका बाजारात फोन, रेडिओ, होडीचं इंजिन, जे दिसेल ते उघडतो. जोडतो त्यातलं अर्धंच. पण बढाया ऐकाव्यात तर बिघाड नुसता त्याला बघून पळतो.

"आज रविवार आहे, मामी," तो म्हणाला.

"देवाला मी सांगेन. तू उघड."

त्याने तार बदलली. बॅटरी काढून घातली. पडद्याचं झाकण मागेपुढे हलवून पाहिलं. आतली पट्टी सैल असेल म्हणून स्क्रू काढून ती दाबून बसवली. त्याच्यासमोर पडदा लख्ख चालू.

"झालं. बसा."

ती बसली.

माका कळांवरची धूळ फुंकायला वाकला होता, तो तसाच थांबला. त्याने मागे वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं... पण चटई वाजली होती.

पडदा काळा.

"उठा बरं."

उजेड.

"बसा."

काळोख.

"उठा."

"मला काय कवायतीला उभं केलंयस?"

"मामी, हातात काय आहे? लोहचुंबक असलं की याला वाटतं झाकण मिटलं. मग हा झोपतो."

तिने बांगड्या काढल्या. कानातलं काढलं. केसातल्या पिनासुद्धा काढून सेईनीच्या ओंजळीत टाकल्या.

"आता दात तेवढे राहिले," ती म्हणाली. "ते माझेच आहेत."

बसली. काळा.

सेईनीला अंगणात उभी केली, नारळाच्या झाडाला हात लावून. तरी काळा. मला बोलावलं, मी बसले. पडदा नीट. मला टोपी स्पष्ट दिसली, पण ती कोणाच्या हातची ते मी काय सांगणार? माझं विणकाम माझी सासूसुद्धा अंगणातच पसरायची.

माकाचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी त्याने फोलाऊचा जुना टीव्ही ओढून आणला आणि तारेने लॅपटॉपला जोडला. "बिघाड पडद्यात असेल तर टीव्हीवर दिसेलच," म्हणाला.

टीव्हीवर टोपी आली. मोठी, ताटाएवढी.

तोआकासे दाराकडे तोंड करून उभी होती. वळून खाली बसली.

चर्र...

टीव्हीचं बटण खटकन आत गेलं.

माकाने ते आत जाताना पाहिलं. सेईनीने पाहिलं. मी पाहिलं. बटणापाशी कोणाचंच बोट नव्हतं.

 छपरातली पाल चुकचुकत होती, ती गप्प झाली.

माका आपली हत्यारं पिशवीत कोंबायला लागला.

"असाच जाणार?" तोआकासे म्हणाली. "नेहमी तर तुझं तोंड मिटत नाही."

"मामी, मला वाईट बोलायचं नाही."

"मग चांगलं बोल."

"आमच्या घरी असंच होतं," तो खाली बघत म्हणाला. "मी टीव्ही लावून बसलेला असतो. बाहेर थोरल्या बहिणीची चाहूल लागली की मी असाच... खटकन बंद करतो."



आमच्यात वयात आलेले भाऊ-बहीण एका पडद्यासमोर बसत नाहीत. पडद्यावर कधी काय येईल सांगता येत नाही, आणि मग कोणी कोणाकडे बघायचं? बहिणीचा मान मोठा. फोलाऊने तर तो जन्मभर पाळला. म्हातारा झाला तरी तोआकासे फाटकातून आत आली की टीव्हीचं बटण बंद व्हायचं.

तोआकासे त्या काळ्या काचेकडे वळली.

"म्हणजे आला तो," ती म्हणाली. "घरी आला."

सोमवारी पुढारी आले तेव्हा ती ओसरीवर बसली होती. काळे कपडे घालून, कमरेला आईची जुनी बारीक विणीची चटई बांधून. बहिणीने दुखवट्यात नेसायची ती.

"होड्या परत बोलवा," ती म्हणाली.

डोळ्यात टिपूस नाही. सेईनी तेवढी हुंदके देऊन रडली, आणि तोआकासेने पहिल्यांदा तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मंगळवारी सगळं गाव जमलं. प्रेत नव्हतं, पण गाणं झालं, कोनफळं आणि डुक्कर भट्टीत गेलं. संध्याकाळी ऑकलंडचे नातेवाईक तिकडून लॅपटॉपवर गाणार होते. तोआकासेला मधोमध बसवलं.

ती बसली. पडदा काळा झाला. कोणाला नवल वाटलं नाही. आवाज येत होता, तेवढं पुरे.

गाणं संपलं. माणसं जेवायला बाहेर गेली. ती तिथेच बसून राहिली.

"फोलाऊ," ती हळू म्हणाली. "झालं ना रे सगळं? आता जा बाबा. मी रागावले नाही."

उठताना वाजावी तशी चटई वाजली नाही.

काळी काच आरशासारखी असते. तिला त्यात आपला डोक्याचा फडका दिसला. दाराची चौकट. घराचा मधला खांब...

आणि खांबापाशी कोणीतरी.

मांडी घालून. पाठीमागून सरळ तिच्याकडे तोंड करून. तोंड तेवढं काळोखात.

ती घाबरली नाही, असं ती सांगते. ती बघत राहिली. आणि बघता बघता तिला आठवलं.

फोलाऊ बटण बंद करायचा, आणि उठून बाहेर जायचा.

दर वेळी. जेवणाचं ताट टाकून जायचा. बहीण ज्या खोलीत आहे त्या खोलीत तो आयुष्यात कधी मांडी घालून बसला नव्हता. मेला म्हणून तो रीत विसरेल?

हे मात्र बसून होतं.

ती उठली ती बाहेर मांडवात आली. सगळे जेवत होते.

"होड्या काढा," ती म्हणाली.

"आत्या..." सेईनीने तिला धरलं.

"तो आत बसलाय तो आपला नाही. मला टोपी दिसू नये म्हणून बसलाय. काढा होड्या."

लोकांना वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं. पाद्री समजवायला आला, त्याला तिने काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोणी हललं नाही. ज्या तोंडाच्या शब्दाने होड्या थांबल्या, त्याच तोंडाच्या शब्दाने त्या सुटेनात.

सेमिसी हापाईच्या बोटीने आला. बापाच्या दुखवट्याची भली मोठी फाटकी चटई गुंडाळून, धक्क्यावरून चालत. तोआकासेने त्याला जवळसुद्धा घेतलं नाही.

"टोपी."

त्याने पिशवीतून काढून दिली. तिने डोळे मिटून काठावरून वाकडं बोट फिरवलं.

एक पात आत दबलेली होती.

सेमिसी अंगावरची चटई तिथेच धक्क्यावर टाकून माघारी फिरला. जी होडी मिळाली ती घेतली. त्या बेटावर पोचला तेव्हा वाळूवर नारळ फोडून पडले होते. जुने नाहीत. करवंटीच्या आत खोबरं अजून ओलं होतं.

माणूस नव्हता.

पावलंही नव्हती, एका जागी येऊन थांबलेली तेवढी सोडून. त्याबद्दल सेमिसी जास्त बोलत नाही.

फोलाऊ आजही सापडलेला नाही. तोआकासेने दुखवट्याची चटई सोडून ठेवली ती पुन्हा बांधली नाही. लॅपटॉप सेईनी वापरते. माकाने दुसऱ्या गावच्या माणसालाही दाखवला, त्याच्या मते त्यात बिघाड नाही.

तोआकासे रोज संध्याकाळी त्या घरी जाते. सेईनीला बाहेर पाठवते. लॅपटॉपसमोर बसते. पडदा काळा होतो, आणि मग ती त्या काचेत बघून एकच विचारते.

"माझा भाऊ कुठे आहे?"

परवा मी तिला बोलवायला गेले. दारातच थांबले. आत ती एकटी होती, पाठमोरी. तिने विचारलं, आणि मी कान देऊन ऐकलं...

चटई खांबापाशी वाजली नाही. त्याच्या बरीच पुढे वाजली.

मी तिला दंडाला धरून बाहेर ओढली. म्हटलं, "बाई, ते सरकतंय. तुझ्याकडे सरकतंय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं."

"मग कशाला बसतेस?"

तिने माझा हात सोडवला आणि पुन्हा आत गेली.

"येऊ दे की," म्हणाली. "जवळ आलं की तोंड तर दिसेल."