लपवलेले चार तास

त्या घळीच्या वरच्या टोकाला, एका सपाट खडकावर कुठल्याशा प्राचीन प्राण्याच्या पावलांचे ठसे आहेत, असं माझ्या सरांनी वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. संग्रहालयातल्या आमच्या दगडांच्या विभागात ते टिपण धूळ खात पडलं होतं. मी ठरवलं, ठसे शोधायचे आणि कागदावर उतरवून आणायचेच!

निघालो तिघं. मी, माझी नऊ वर्षांची भाची भिंगरी आणि वाटाडी मावशी. मावशीने जंगलखात्यात तीस वर्षं पहारा केलेला. बोलणं मोजकं, चाल मात्र वाघिणीची. भिंगरीचे पाय आणि तोंड बरोबरीने चालायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला घळ अरुंद झाली. मावशी दोर बांधायला पुढे गेली होती. उकडतंय म्हणून भिंगरीने हेल्मेट काढलं, मीच काढू दिलं. शेवाळलेल्या दगडावर तिचा पाय सटकला. धाड! डोक्याची मागची बाजू खडकावर आपटली.

मी धावलो. ती शुद्धीवर होती. थोडं रडली, डोकं चोळलं, उभी राहिली. लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

"काही नाही झालं," मी म्हणालो. आणि मग ते वाक्य बोललो, ज्याची मला आजही शरम वाटते. "मावशीला सांगू नकोस हं. नाहीतर ती इथूनच परत फिरवेल."

"नाही सांगणार," ती शहाण्यासारखी म्हणाली.

पुढे छातीएवढ्या पाण्याचा डोह लागला. मी तिला खांद्यावर घेऊन ओलांडला. मग दोर धरून दोन पुरुष उंचीचा कडा चढलो. अकरा वाजता भिंगरीने बिस्किटं ओकून टाकली. मावशीने वळून पाहिलं.

"पडली होती का कुठे?"

"छे! ऊन लागलं असेल," मी म्हणालो. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर ती गप्पच झाली. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. म्हटलं, दमली, आता तरी वाट सरेल! बारानंतर ती पुन्हा ओकली. डोकं जास्तच ठणकतंय म्हणाली. मग विचारलं, "मामा, आपण कुठे चाललोय?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जीभ जड झाली होती.

दीड वाजला. वळणापलीकडे तो सपाट खडक दिसला! जेमतेम दोनशे पावलं! मी ओरडलो, "भिंगरे, बघ!"

तिने पाहिलंच नाही. डावा पाय ओढत ती दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसली. मावशीने तिची हनुवटी उचलली, डोळ्यांत पाहिलं. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती.

"खरं सांग," मावशी म्हणाली.

"पडली होती. साडेनऊला. डोक्यावर."

मावशीने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"ओकारी, तेच तेच विचारणं, गुंगी, ओढणारा पाय. डोक्यात रक्त साकळतंय, असं मला वाटतंय. गोळी द्यायची नाही, पाणीही नाही. उचल!"

खडकाकडे पाठ फिरवली. चादरीची झोळी केली. आल्या वाटेने सहा तास लागले असते. मावशीला गुराख्यांची एक उभी पायवाट ठाऊक होती. घसरण! काटे! सुटणारे दगड! गुडघे फुटले, पण झोळी हलू दिली नाही. दर थोड्या वेळाने मावशी तिला हाक मारायची. उत्तर आधी "हं" यायचं. मग नुसती पापणी हलायची. मग तीही नाही.

डोंगराच्या धारेवर फोनला रेंज मिळाली. मी रुग्णवाहिका बोलावली आणि ताईला, भिंगरीच्या आईला, कळवलं. तासाभरात आम्ही रस्त्यावर होतो आणि रुग्णवाहिका समोर उभी होती.

रुग्णालयात शल्यविशारद बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "मार कधी लागला?"

ताई धापा टाकत नुकतीच पोचली होती. तिच्यासमोरच मी सगळं सांगितलं. हेल्मेट, डोह, ओकारी, खोटं, सगळं. ताईने बोटांवर तास मोजले. "चार," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शस्त्रक्रिया झाली. गोठलेलं रक्त काढलं. भिंगरी वाचली.

पण लगेच दमायची. शब्द सापडला नाही की चिडून रडायची. डाव्या हाताने बटण लागायचं नाही. आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यावं लागायचं. मी दर वेळी जायचो. ताई माझ्याशी बोलत नसे. सरांचं टिपण मी विभागातल्या दुसऱ्या एकीला देऊन टाकलं.

तीन महिन्यांनी एकदा आम्ही दवाखान्याबाहेर रहदारीच्या रस्त्याकडेला उभे होतो. ताईला समोरून औषध आणायचं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग भिंगरीचा डावा हात माझ्या हातात दिला.

"धर हिला," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

"मामा," भिंगरी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "दुखतंय ना. हळू धर."