दाढीवाली फांदी

ऐक. मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक.

गुरुवारी सकाळी लेस्कोवो गावाच्या वरच्या रानात नाउम आजोबा ओकच्या झाडाखाली मेलेले सापडले. अंगाखाली दगडासारखा गोठलेला बर्फ. शेजारी मांडीएवढी जाड फांदी, दगडफुलानं नुसती लगडलेली, जणू करडी दाढीच. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड, पण तिथलं अत्तरवाले विकत घेतात. सगळं गाव हिवाळाभर तेच खुडतं, आजोबा तर पन्नास वर्षं खुडत होते.

फांदीच्या बुडाशी कुऱ्हाडीचा घाव होता, अर्ध्यापर्यंत. म्हणजे कुणीतरी आधीच अर्धी तोडून ठेवलेली. म्हातारा चढला आणि कडाड.

कुऱ्हाड जवळच पडली होती, लाझेची. गावातल्या झिव्कानं ती लगेच ओळखली, कारण लाझे तिचा भाऊ.

खालच्या शहरातून इन्स्पेक्टर स्पासे आला. त्यानं झाडाखालीच सगळ्यांना उभं केलं आणि आधी क्लिमेला विचारलं. क्लिमे वनरक्षक, उन्हाळ्यात शहरातून बदलून आलेला. प्रेत त्यालाच सापडलं होतं.

"सोमवारी काय ऐकलंस?"

"भांडण, साहेब. लाझे आणि म्हातारा, याच झाडावरून. मग कुऱ्हाडीचे घाव. संध्याकाळी कडाड."

"बघायला नाही गेलास?"

"रानात फांद्या मोडतातच की. मंगळवारी लांबून ही पडलेली दिसलीसुद्धा. म्हातारा झुडपाआड होता."

"हीच फांदी?"

"हीच, अशीच."

लाझे म्हणाला, भांडलो हे खरं, कुऱ्हाडही रागात इथेच विसरलो. पण मंगळवारी पहाटे बायकोला कळा सुरू झाल्या, तिला घेऊन बिटोलाच्या इस्पितळात गेलो, तो आत्ता परततोय. मुलगी झाली होती. अजून नावही ठेवलं नव्हतं. स्पासे म्हणाला, अभिनंदन, पण म्हातारा सोमवारी मेला असेल तर बिटोला काय कामाचं?

झिव्का फांदीकडे एकटक बघत होती.

ती दगडफूल निवडायच्या शेडमध्ये कामाला. तिथे दोन जाती येतात, वरून दोन्ही करडी, पण उलटून बघायचं. पोट पांढरं तर ओकचं, काळं तर वरच्या पाइनचं. तिचा हात सवयीनं चालतो. म्हणून आजोबांच्या गोठलेल्या मुठीतून बाहेर आलेला झुपका तिनं हळूच उलटला.

काळं पोट.

आणि दुसरी गोष्ट. मंगळवारी वाऱ्यानं शेडमागे दगडफुलानं भरलेली एक फांदी पडली होती. बुधवारी सकाळी ती अशी चकचकीत, की झिव्का शेजारणीला म्हणाली होती, बघ, हरणं न्हावी होऊन गेली.

तिनं स्पासेला बाजूला नेलं आणि बराच वेळ कुजबुजली. स्पासे वैतागला, मग त्यानं करवत मागवली. फांदीचे दोन तुकडे झाले. एक त्यानं जीपमध्ये टाकला, म्हणाला, पुरावा. दुसरा तिथेच राहिला.

मग झिव्का सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली. "हा तुकडा इथेच राहू दे. पहारा नको, नाहीतर हरणं यायची नाहीत. उद्या सकाळी बोडका झाला, तर माझा भाऊ सुटला. नाही झाला, तर न्या त्याला."

गर्दी पांगली. क्लिमे तिच्याजवळून जाताना थांबला. "पोरी, हरणं घाबरट असतात," तो म्हणाला. "माणसानंही थोडं घाबरावं."

त्या रात्री लाझे शेडमध्ये कुलपात. झिव्काचा डोळ्याला डोळा लागला नाही. रानातून एकदा काहीतरी ओरडलं, लांडगा की काय, आणि मग नुसती शांतता.

सकाळी सगळे वर गेले. तुकडा जागेवरच होता. दाढी जशीच्या तशी, एक धागा हललेला नाही.

क्लिमे म्हणाला, "झालं?"

"साहेब, वाकून वास घ्या," झिव्का म्हणाली.

स्पासे वाकला. डिझेल. सगळ्या दगडफुलावर शिंपडलेलं, हरणांनी तोंड लावू नये म्हणून.

"आता दुसरा बघू," ती म्हणाली.

जीपमधला तुकडा स्पासेनं अंधार पडल्यावर गुपचूप ओढ्यापलीकडे टाकला होता. माहीत फक्त दोघांना. ते तिकडे गेले तर नुसतं लाकूड, सोललेल्या हाडासारखं, आणि भोवती हरणांच्या ताज्या लेंड्या.

"एका रात्रीत," झिव्का म्हणाली. "बर्फात त्यांना दुसरं मिळतं काय? क्लिमे म्हणतो, फांदी सोमवारी संध्याकाळपासून पडलीय. मग तीन रात्री हरणं उपाशी फिरली? ही फांदी बुधवारी रात्री उशिरा तोडून टाकलीय, आणि लाझे तेव्हा बिटोलात होता. क्लिमेनं मुद्दाम दाढीवाली निवडली, म्हणजे दगडफुलवाला पडला हे खरं वाटेल. इथला हिवाळा त्यानं कधी पाहिलाच नाही."

"आणि म्हातारा?" स्पासेनं विचारलं.

"आजोबांच्या मुठीत पाइनचं दगडफूल आहे, आणि इथे एकही पाइन नाही. पाइन आहेत वर, वनखात्याच्या फाटकापलीकडे, आणि किल्ली क्लिमेकडे. ते मेले तिथे."

क्लिमेच्या जीपमध्ये डिझेलचा अर्धा कॅन निघाला. फाटकापलीकडे नऊ जुन्या पाइनचे ताजे बुंधे निघाले, चोरून तोडलेले, आणि शेवटच्या बुंध्याशी आजोबांची टोपी, रक्तानं कडक झालेली. लाझेशी भांडून म्हातारा रागारागानं वर गेला आणि त्यानं क्लिमेला करवत चालवताना पाहिलं, बस्स, एवढाच त्याचा गुन्हा. दोन दिवस प्रेत क्लिमेच्या खोपटात होतं. सापडलेली कुऱ्हाड आणि ऐकलेलं भांडण, दोन्ही त्यानं वापरलं.

लाझे संध्याकाळी बिटोलाला गेला, मुलीचं नाव ठेवायला.

पण मला राहून राहून एकच वाटतं. त्या रात्री हरणं ओढ्यापलीकडे गेलीच नसती तर? भावाला वाचवणारी एकच फांदी, तीही कापून अर्धी अर्धी रानात टाकायची, आणि पहारा नाही. सांग ना, तू काय केलं असतंस?