खुळखुळणारं काडतूस

"माझ्या पोराच्या तोंडावर बंदूक फुटली, बाई! ते काडतूस भरणाऱ्याचं नाव शोध. पुढचं मी बघून घेईन."

म्हातारा गुस्ताव रॉनिंग टेबलावर मूठ आपटत होता. त्याच्या अंगठ्याच्या नखाशी लाल रंग वाळला होता. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो न होतो तोच त्याच्या एकुलत्या एका मुलाला, हाल्वरला, पुरावं लागलं होतं.

"संशय कुणावर?" मॅव्हिस टिल्डननं विचारलं. गावातली खाजगी हेर ती एकटीच.

"शेजारच्या ड्वेन पिकेटवर! मेला माझ्या फडताळातली काडतुसंसुद्धा चोरतो."

"हाल्वरनं तुमची घेतली असतील तर?"

"छट्! तो स्वतःची काडतुसं घरीच दारू घालून स्वतः भरायचा. भरता येत नाही त्या गड्याला माझ्या ताटाशी जागा नाही."

मॅव्हिस पिकेटकडे गेली, तेव्हा तो हसला. "मी तयार काडतुसं दुकानातून आणतो, म्हणून म्हातारा मला बघून थुंकतो. त्याची घेऊन करू काय? माझ्या बंदुकीत बसतच नाहीत."

हाल्वरच्या बायकोनं, जोलीननं, शेडचं दार उघडलं. काडतुसं भरायच्या यंत्रावर कोळ्याचं जाळं होतं.

"वर्षभर त्याचे हात थरथरायचे. बापाला सांगायची लाज वाटायची." तिनं नवऱ्याच्या कोटातलं एक काडतूस पुढे केलं. त्याच्या बुडाला लाल ठिपका होता.

मॅव्हिसनं ते कानाशी हलवलं. खुळखुळलं.

"चुकून दोनदा दारू पडली असेल," तिचा सोबती ओडी म्हणाला.

"अरे येड्या, या रायफलची दारू काडतुसाच्या गळ्यापर्यंत येते. दुसरं माप सांडलंच असतं. खुळखुळतंय म्हणजे दारू थोडीच आहे; ही पिस्तुलाची, भसकन जळणारी. निम्मं नळकांडं रिकामं, तरी दाबानं पोलाद फाटतं."

संध्याकाळी मॅव्हिस, ओडी आणि जोलीन म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसली.

"नाव?" तो म्हणाला.

"फडताळातली काडतुसं कमी व्हायला लागली, तशी तुम्ही चोरासाठी वेगळी भरलीत. चुकून आपल्याच हाती येऊ नयेत म्हणून लाल ठिपका दिलात. अंगठ्यावर अजून आहे."

"मग? चोराचा हात उडाला तर मला काय त्याचं! त्या पिकेटला..."

मॅव्हिसनं काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. "पिकेटच्या बंदुकीत हे बसत नाही. हे हाल्वरच्या खिशातलं. त्याला वर्षभर भरता येत नव्हतं."

म्हातारा अंगठा विजारीला पुसत राहिला. रंग जाईना.

"मागितली असती तर... दिली नसती का मी?"

"नाही, बाबा," जोलीन म्हणाली. "थुंकला असतात."