नळीची आतली बाजू

होटगी रस्त्यावरच्या त्या घरात सकाळ कधी घाईने येत नसे. आधी शेजारच्या पाण्याच्या टाकीचा माथा उजळे, मग कडुनिंबाचा शेंडा. आणि मग ऊन भिंतीवरून संथपणे, ओलं कापड सरकावं तसं, खाली अंगणात उतरे. तिथे धनलक्ष्मीवैनी स्टीलचं मोठं पिंप आडवं करून, खांद्यापर्यंत हात आत घालून घासत बसलेली असे. काठावर उन्हाची एक तिरीप थरथरत राही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येई. तरीही साठवलेलं पाणी बादल्यांत काढून ती हल्ली रोजच पिंप घासू लागली होती.

शिवकुमार खिडकीतून पाहत राही. विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. शिवाय आपण विचारलं तर तीही विचारेल, ही धास्ती होती.

तिचा प्रश्न एकच होता: अजून किती थांबायचं? तिचा नवरा, शिवकुमारचा थोरला भाऊ विरेश, राजस्थानच्या वाळवंटात तेलविहिरीवर कामाला होता. दिवाळीनंतर एका पाळीवरून तो परतलाच नाही. कंपनीने वाळू पालथी घातली आणि शेवटी, आता आशा धरू नका, असं मवाळ शब्दांत कळवलं. शिवकुमारने ते मानलं नाही. वैनीच्या भावाने अक्कलकोटच्या शाळेत तिच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. पण विरेश आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, एवढंच शिवकुमार म्हणाला आणि ती थांबली. आता शाळेला होकार हवा होता. उद्यापर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

तो एका लहानशा प्रयोगशाळेत गंजाची तपासणी करी. जमिनीखालचं तेल वर रेटण्यासाठी पाण्यात पॉलिमर मिसळतात, मागावरच्या सुताला लावायच्या खळीसारखं ते दाट करतात आणि विहिरीत सोडतात. त्या पाण्याने पोलादी नळ्या किती झिजतात, हे पाहायचं त्याचं काम. विरेशच्याच तेलक्षेत्रातल्या नळ्या आल्या, तेव्हा ते काम त्याने मागून घेतलं होतं. नळीच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, चकचकीत करायच्या आणि त्या दाट पाण्यात टांगून बरणी बंद करायची. नियम एकच होता: पट्टीला उघडा हात लागता कामा नये. घामाचा ठसा पोलादात मुरतो आणि तिथेच गंज धरतो.

त्या आठवड्यात एका बंद बरणीतल्या पट्टीवर अंगठा उमटला.

"तुमचाच असणार की, सर," सोबत काम करणारी संस्कृती हसली. "चिवडा खाऊन तसाच हात लावला असेल."

तोही हसला. पट्टी पुन्हा घासली, चिमट्याने टांगली. दुसऱ्या सकाळी अंगठा परत आला होता. शेजारच्या पट्टीवर बोटंही. सगळे ठसे पट्टीच्या खोलगट अंगाला होते, म्हणजे नळीच्या आतल्या बाजूला. बोटांची टोकं वरच्या दिशेला होती. अंगठ्याच्या मधोमध एक तिरपी रेघ होती.

लहानपणी ज्वारी कापताना विरेशच्या अंगठ्यावर विळा फिरला होता. शिवकुमारने ते आठवलं आणि लगेच बाजूला सारलं. एका कोऱ्या पट्टीवर त्याने स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. दुपारपर्यंत तो तांबूस उमटला. त्यावर रेघ नव्हती.

संस्कृतीने दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. या वेळी ती हसली नाही.

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात न कापलेली एक नळी पडली होती. मूठही आत शिरणार नाही, एवढी अरुंद. विहिरीत जे टोक वर असे, त्याला तिथल्या माणसांनी रंगाची खूण केलेली होती. भर उन्हात तो गुडघ्यांवर बसला. पोलाद तापलं होतं. आतून येणारी हवा मात्र गार होती, आणि तिला ओल्या मातीचा वास होता.

त्याने विजेरी लावली.

ठसे खोलवरून येत होते. एकावर एक, हातभर अंतराने. रंगाच्या खुणेकडे.

तो उठला आणि वैनीला फोन लावला. पलीकडे काथ्याने घासण्याचा आवाज चालू होता.

"वैनी, शाळेला होकार कळवा."

घासणं थांबलं. तिने कारण विचारलं नाही.

"तुमाला पण दिसलं व्हय?"

त्याने विजेरी विझवली.

"पिंपात, आतल्या अंगाला," ती सावकाश म्हणाली. "किती बी घासा, सकाळी अंगठा हायच. तुमी म्हणत हुता ते येतील, म्हणून बोलले न्हाई."

रेघ आहे का, हे त्याला विचारायचं होतं.

"लई खाली हुता, भावजी. आज काठापातुर आलाय."

त्याच्या पायांशी नळी उन्हात पडली होती.

विरेश मेला होता, आणि तरी घराकडे येत होता.