तळ्यापलीकडची धावपट्टी

"शेपटी जड आहे तुमची."

पाठीमागून हे वाक्य आलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती. माझ्या तोंडात घास होता आणि हातात माउस. मी वळून पाहिलं. ऑफिसच्या दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. हातात पत्र्याची पेटी, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब, आणि आपण काय बोलून बसलो हे नुकतंच उमगल्यासारखा चेहरा.

"म्हणजे… विमानाची," तो घाईघाईने म्हणाला.

"विमानाचीच असणार. माझी मी घरी ठेवून येते."

तो कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना. पेटी पुढे धरून, जणू तीच त्याचा साक्षीदार, तो म्हणाला, "मी काटेवाला. तुमचा पार्सलचा वजनकाटा बिघडलाय ना, मालकांनी बोलावलंय."

"काटा तिकडे, खिडकीपाशी. हे विमान आहे. ते काही दुरुस्त होण्यातलं नाही."

तो खिडकीकडे गेला खरा… पण मान वळवून वळवून स्क्रीनकडेच बघत होता.

आमचा कारखाना कामाचे कपडे शिवतो. वायरमन, मेकॅनिक, सुतार असल्या लोकांचे, ज्यात कापडापेक्षा खिसेच जास्त. मी कापड बेतते आणि कापते. सहा वर्षं झाली. सगळे मला कात्री म्हणतात. धंद्यामुळे म्हणतात असं मी सांगते. आई म्हणते, स्वभावामुळे. तिचंही चुकत नाही. टायपिंगचा क्लास मी मध्येच सोडला, पोहणं गळ्याएवढ्या पाण्यात सोडलं, आणि दोन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न एका भांडणापायी मोडलं. ते भांडण कशावरून होतं हे आता नीट आठवतही नाही. कुठे काही बिनसलं की मी सरळ कात्री चालवते. उसवून पुन्हा शिवायचा धीर माझ्यात नाही.

कॉम्प्युटरवरचा तो विमानांचा खेळ मी सुरू केला तो याच खोडीवर औषध म्हणून. त्यात आधी शेडमध्ये बसून एकेक भाग जोडत विमान बांधायचं. धड, पंख, इंजिन, चाकं, इंधनाची टाकी. मग ते धावपट्टीवर आणायचं. माझ्यासमोरचं काम एकच होतं: अलीकडून उडायचं, तळं ओलांडायचं आणि पलीकडच्या धावपट्टीवर उतरायचं. मी मनाशी ठरवलं होतं, आयुष्यात एवढी एक गोष्ट तरी मी शेवटाला नेणार. आणि माझी विमानं बेडकासारखी उडी मारून उलटी होत होती. उलटलं की मी रागाने ते अख्खं विमान पुसून टाकायचे आणि नवं मांडायचे.

काटा दुरुस्त करून तो माझ्या टेबलापाशी येऊन थांबला.

"पुसू नका," तो म्हणाला. "पुसलं तर कशामुळे पडलं ते कळणार कसं?"

"तुम्हाला येतो हा खेळ?"

"चार वर्षं खेळतोय. मीही खूप पाडलीत… सगळी वहीत लिहून ठेवलीत."

"पाडलेली?"

"उडालेल्यांकडून काय शिकायचं?"

मग त्याने मला दोन ठिपके दाखवले. पिवळा म्हणजे विमानाच्या वजनाचा मध्य, निळा म्हणजे पंख जिथून विमानाला वर उचलतात त्या जागेचा. पिवळा नेहमी निळ्याच्या थोडा पुढे हवा, नाहीतर नाक वर आणि विमान उताणं. आणि एक नियम सांगितला: एका उड्डाणाला एकच बदल. पंख हलवला तर इंजिनाला हात लावायचा नाही.

"एवढा धीर कुणाला आहे?" मी म्हटलं.

"वजनं जुळवणाऱ्याला लागतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. हसताना त्याचा डावा डोळा थोडा जास्त मिटायचा. हे मी का पाहून ठेवलं, कोण जाणे.

पुढच्या शनिवारी तो आला, कारण नवी स्प्रिंग बसवली की आठवड्याने तपासावी लागते. शनिवारी आमचं काम दोनला संपतं आणि कॉम्प्युटर मोकळा असतो. त्याच्या पुढच्या शनिवारी तपासणीचा शिक्का मारायला आला. त्यानंतर मात्र कारण उरलं नाही. मग मी काय केलं? काट्याच्या पत्र्याखाली निळ्या दोऱ्याचं एक रीळ सरकवून दिलं आणि मालकांना म्हटलं, "काटा पुन्हा शून्यावर येत नाहीये हो."

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "या काट्याला झालंय तरी काय?"

काट्याला काही झालेलं नव्हतं. जे काही झालं होतं ते मला.

पुढच्या शनिवारी पुन्हा एक रीळ. असे एकूण चार शनिवार गेले. तो यायचा, काटा उघडायचा, दोन मिनिटांत बंद करायचा आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचा. माझा हात माउसवर, त्याचं बोट स्क्रीनजवळ, मधे वीतभर अंतर. ती वीत काही केल्या कमी होत नव्हती. तो बोलायचा कमी. माझं विमान धावपट्टी सोडताना श्वास मात्र रोखून धरायचा, आणि तो रोखलेला श्वास मला ऐकू यायचा.

विमान आता उडत होतं. अगदी सरळ, देखणं उडत होतं. पण तळ्याच्या मध्यावर पोचलं की कुणी शेपटीला धरून ओढावं तसं उताणं व्हायचं आणि पाण्यात. दर वेळी तिथेच. चौथ्या शनिवारी मालकांनी मला एका ऑर्डरचं माप बघायला बोलावलं. मी परत आले, बसले, विमान उडवलं… आणि ते मध्य ओलांडून गेलं! पलीकडचा काठ आला, धावपट्टी आली, चाकं टेकली. मी खुर्चीवरून उठून ओरडले. त्याने टाळ्या वाजवल्या, जरा हळूच.

घरी जाऊन आईला सांगितलं, "मी पुरं केलं. एक तरी."

"विमान ना? बरं झालं," ती म्हणाली, पण जेवताना तिने मला दोनदा विचारलं, कसं उतरलं म्हणून.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते विमान पुन्हा उघडलं. नुसतं बघायला, हौसेनं. कोपऱ्यात आकडा होता: भाग चव्वेचाळीस. मी दिवसभर कापलेले तुकडे मोजणारी बाई आहे. माझ्या विमानाचे भाग त्रेचाळीस होते. एकेक भाग उचलून पाहिला. नाकाच्या आत, आवरणाखाली, एक लहानसा शिशाचा ठोकळा होता. मी तो कधीच ठेवला नव्हता.

शनिवारी तो आला. मी खुर्ची दिली नाही.

"हा ठोकळा कुणाचा?"

त्याने बघितलं. पेटी खाली ठेवली.

"माझा," तो म्हणाला. "तुम्ही मालकांकडे गेला होतात तेव्हा…"

"का?"

"सारखं पडत होतं. तुमचा चेहरा… मला बघवेना."

"मग सांगायचं ना तोंडाने!"

"सवय नाही. काटा चुकला की मी स्क्रू फिरवतो, तो बरोबर होतो. त्याला कुठे काय सांगावं लागतं?"

"मी काटा नाहीये!"

शिलाईच्या मशिनी दुपारच्या बंद होत्या, म्हणून माझा आवाज फारच मोठा वाटला. तो खाली मान घालून उभा राहिला. मग त्याने खिशात हात घातला आणि निळ्या दोऱ्याची दोन रिळं टेबलावर ठेवली.

"यांच्याबद्दल मीही काही बोललो नाही," तो म्हणाला.

माझी चोरी पकडली गेली होती, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं मी म्हटलं, "तेही बोलायला हवं होतं! तुम्ही कधी काही बोलतच नाही! सगळं गुपचूप! आईला सांगितलं मी, मी पुरं केलं म्हणून. ते माझं नव्हतंच. यापुढे येऊ नका. काटा दुसरं कुणीतरी बघेल."

त्याने पेटी उचलली. दारात थांबला… काहीतरी म्हणेल असं वाटलं. पण दार ओढून घेतलं. गेला.

मी लगेच खेळ उघडला आणि ते विमान पुसायची सूचना दिली. खेळ विचारत होता: कायमचं काढून टाकायचं? माझं बोट 'हो'वर होतं. तेवढ्यात आईचा फोन आला, येताना काय आणायचं ते सांगायला. माझा आवाज ऐकून ती थबकली.

"काय झालं?"

"काही नाही. तो काटेवाला… आता येणार नाही."

"सोडलंस?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. ती फक्त दमलेली वाटली, माझ्यासाठी.

मी 'नाही' दाबलं. विमान ठेवलं आणि त्यातला फक्त तो ठोकळा काढला.

पुढचे दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच बसत होते. विमान पुन्हा मध्यावर येऊन पडू लागलं. एकदा पंख हलवले, एकदा शेपटी लहान केली. पडलं ते वहीत लिहिलं. चुका लिहायला लाज वाटते, पण तिसऱ्या पानानंतर ती मरते. मग एका दुपारी मी वायरमनच्या जाकिटाचा खिसा बेतत होते. आमच्याकडे नवं जाकीट दोनदा घालून बघतात, एकदा खिसे अवजारांनी भरून आणि एकदा रिकामे. नाहीतर भरलेलं असताना अंगावर चोख बसणारं जाकीट अवजारं काढली की मागे ओढलं जातं. हातातला खडू तसाच राहिला. माझी इंधनाची टाकी नाकात होती! उडताना भरलेली, तळ्याच्या मध्यावर निम्मी रिकामी. नाक हलकं होत होतं, आणि मी आपली विमानाला भरल्या खिशानेच तपासत होते.

टाकी नाकातून काढून विमानाच्या नेमकी मध्यावर आणली. आता ते उडतानाच नाक वर करू लागलं. मग पंख एक खाच मागे घेतले. पुन्हा एक खाच. अकराव्या उड्डाणाला त्रेचाळीस भागांचं माझं विमान तळं ओलांडून पलीकडच्या धावपट्टीवर उतरलं, जरा धडपडत, एक चाक वाकडं करून.

मी ओरडले नाही. शेजारच्या खुर्चीकडे वळले… ती रिकामी होती. आणि तेव्हा मला इतकं रडू आलं की मालक पाण्याचा ग्लास घेऊन आले. मला तो हवा होता. हे मी मनातल्या मनातही आधी कधी म्हटलं नव्हतं.

त्याचं दुकान दोन रस्ते सोडून. शनिवारी काम सुटल्यावर गेले. गल्ल्यावर त्याची मोठी बहीण बसली होती. मला बघून तिने चष्मा वर सरकवला.

"कात्री तूच ना? बरं झालं आलीस. पंधरा दिवस एकच काटा उघडतोय आणि लावतोय. विचारलं तर म्हणतो, काही नाही. लहानपणापासून असाच आहे, ताप आला तरी सांगायचा नाही. जा आत."

आत भिंतीभर काटे टांगले होते. तो टेबलाशी वाकून बसला होता. मला बघून इतक्या पटकन उठला की दोन-चार वजनं घरंगळत खाली गेली.

मी पेनड्राइव्हवर आणलेलं माझं विमान त्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि उडवून दाखवलं. तो उभ्यानेच बघत होता. तळ्याचा मध्य ओलांडला तेव्हा तोच रोखलेला श्वास. चाकं टेकली.

"टाकी मध्यावर," तो पुटपुटला. "हे मला सुचलं नव्हतं. मी नुसतं वजन टाकून मोकळा झालो." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे आता… माझी गरज नाही."

"नाहीच मुळी," मी म्हटलं. "गरज नाही. तरी हवे आहात."

बाहेर गल्ल्यावर बहिणीची खुर्ची करकरली. ती नक्की कान देऊन ऐकत होती.

तो टेबलावरचा एक स्क्रू बोटांत फिरवत राहिला. मी ठरवलं होतं की या वेळी त्याच्या वाटचं मी बोलायचं नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिले. भिंतीवरच्या सगळ्या काट्यांच्या सुया शून्यावर होत्या आणि माझी छाती धडधडत होती.

"मला… तुम्ही आवडता," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नाही. पहिल्या दिवशी शेपटीवरून इतकी लाज वाटली होती की पुन्हा यायचंच नव्हतं. तिसऱ्या शनिवारपासून. विमान तळ्यात पडलं आणि तुम्ही आतल्या पायलटची माफी मागितलीत. तेव्हापासून." एवढं बोलून तो धापा टाकल्यासारखा थांबला. "ठोकळा लपवला ते चुकलं. सांगायला हवं होतं. हे पण… आधीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

"मला एक भीती वाटते," तो म्हणाला. "माझ्या हातून पुन्हा काही चुकेल. तेव्हा तुम्ही… कात्री चालवाल."

यावर गोड उत्तर देता आलं असतं. पण त्याने इतकं खरं बोलल्यावर मला खोटं बोलवेना.

"मी भांडेन," मी म्हटलं. "ओरडेन. कदाचित दार आपटून निघूनही जाईन. पण परत येईन, भांडण पुरं करायला. आत्ताही त्यासाठीच आलेय. त्या दिवशीचं अर्धं राहिलंय."

त्याने वाकून जमिनीवरची वजनं बाजूला केली, एक खुर्ची ओढली, माझ्यासाठी, आणि दुसरी स्वतःसाठी, अगदी शेजारी.

"बसा," तो म्हणाला. "कुठपर्यंत आलो होतो आपण?"

"तुम्ही कधी काही बोलत नाही, इथपर्यंत."

आम्ही संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत भांडलो. बहिणीने मधे दोनदा चहा आणला, आणि दुसऱ्यांदा कप ठेवताना माझा हात त्याच्या हातात पाहून काही न बोलता निघून गेली. मी अजून रागात होते, आणि हात सोडवून घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.