कोरडी गाभोळी

ऑस्प्रे नदीच्या सामन माशाची गाभोळी कोरडी, थंड आणि जिवंत खालच्या उबवणी केंद्रात न्यायची, एवढ्यासाठीच ते तिघं हेलिकॉप्टरनं डोंगरात उतरले होते. गेल्या वसंतात खालच्या घळीत अर्धा कडा कोसळला आणि समुद्रातून अंडी घालायला परतणाऱ्या सामनांची वाट बुजली. उन्हाळाभर मासे त्या दरडीवर उड्या मारमारून डोकी फोडून घेत राहिले. वर पोचले ते बोटांवर मोजण्याइतके. आता पुढच्या पुरात नदीतली खडी उलथीपालथी होणार, आणि त्यात ह्यांची अंडीही वाहून गेली की ह्या नदीचा सामन कायमचा संपला. दुसऱ्या नदीतला आणून सोडता येतो म्हणा, पण तो पाहुणाच.

बेत लॉरेटाचा होता. गिट्क्सन आदिवासी लोकांत ती माशांच्या देखरेखीचं काम करायची. तिचा मामा क्लिफर्ड घराण्याचा प्रमुख, आणि नदी त्या घराण्याची. त्याच्या होकाराशिवाय तिथल्या माशाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यानं होकार दिला खरा, पण वाटभर भाचीला टोमणे मारत राहिला. आपलेच सोयरे जेवणाच्या डब्यात भरून कुठं नेतेस, असं त्यानं विचारून झालं होतं. उबवणी केंद्रात त्यांना गोष्टी कोण सांगणार, असंही. तिसरा डेल्बर्ट, म्हणजे डेल, लॉरेटाचा मावसभाऊ. पाठीवर निम्मं सामान आणि तोंडाला विसावा नाही.

लॉरेटानं दोघांना बजावून सांगितलं होतं. नराच्या पांढऱ्या रेताला ही मंडळी दूध म्हणतात. त्या दुधाला पाणी लागलं की ते जागं होतं, आणि जागं झालं की मिनिटभरात मरतं. अंड्यांचंही तेच, पाणी लागलं की दूध आत शिरायचं त्यांचं दार मिटतं. म्हणून दोन्ही वेगवेगळी ठेवायची, बर्फावर, आणि एक थेंब लागू द्यायचा नाही. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या माशाची ही ठेव पाण्यापासूनच जपायची होती.

सुरुवात तर झकास झाली. उथळ खडीत एक मादी दिसली, खड्डा उकरून उकरून तिची शेपटी झिजून पांढरी पडलेली. जाळ्यात आली. लॉरेटानं पोट चाचपलं. मादी पिकली होती. मामानं एकच घाव घातला, मग गुडघे टेकून तिच्याशी आपल्या भाषेत हळू आवाजात बराच वेळ बोलला. गाभोळी परातीत उतरली, केशरी, भरगच्च. तिच्याभोवती घुटमळणारा नरही सापडला. त्याच्या कपाळाची दरडीवर सालटी निघाली होती. डेलनं बरणी दिली, लॉरेटानं नराच्या पोटावरून अंगठा खाली ओढला, आणि दुधाची धार बरणीत पडली.

तेव्हा तिला काचेवरचे थेंब दिसले.

"डेल, बरणी ओली होती?"

"धुऊन दिली ना. चिकट झाली होती."

"कशात धुतलीस?"

"नदीत. आणखी कशात धुणार?"

तेवढ्यात रिता झालेला नर हातातून सटकला, आणि एका शेपटीच्या फटक्यात खोल पाण्यात दिसेनासा झाला. मेहनतीवर पाणी पडलं म्हणतात, ते इथं अक्षरशः पडलं होतं.

मग मात्र ती डेलवर अशी तुटून पडली की मामानंही मान खाली घातली. डेलचा चेहरा उतरला. नेहमीची टवाळी कुठल्या कुठं गेली.

"मार खाल्लाय मी मावशीचा, लॉरेटा," तो म्हणाला. "तुझ्याच आईचा. न धुतलेलं भांडं तिनं कधी हातात घेतलं का?"

ते खरं होतं. तिची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, जाऊन चार वर्षं झाली. पण तिच्या हाताखाली मासे कापायला शिकलेलं प्रत्येक पोर सुरी, पाट, परात आधी नदीत बुचकळायचं आणि मगच पुढं करायचं. डेल बरणी विसळत होता तेव्हा लॉरेटानं त्याच्याकडे पाहिलंही होतं. तिला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. डोक्याला कितीही सांगा, हात त्यांना शिकवलं तेच करतात.

आता एकच आशा होती. वरच्या अंगाला, घळ अरुंद होते तिथं एक डोह होता, आणि डोहावर सकाळपासून कावळे घिरट्या घालत होते, म्हणजे तिथं मासा असणार. गाभोळी बर्फाच्या पेटीत घालून, पेटी ताडपत्रीखाली ठेवून तिघं निघाले. वाट कसली, काटेरी झुडपांतून ओरबाडून घेत आणि शेवाळलेल्या कातळावर पोटानं सरपटत जायचं. शेंड्यांवर ढग उतरू लागले. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली.

डोहाच्या पलीकडच्या कपारीत एक काळपट लाल पाठ हलली. नर! एकटाच, दमलेला, पण जिवंत. लॉरेटानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक डेलनं झाडाला वेढा देऊन धरलं, आणि ती छातीभर पाण्यात उतरली. थंडीनं श्वासच अडकला. पायाखाली गोटे सरकत होते. एक पाऊल. आणखी एक. जाळं पुढं केलं, नर वळला, आणि नेमका त्याच क्षणी मामाचा आवाज आला.

"लॉरेटा, हलू नकोस."

समोरच्या झुडपांतून ग्रिझली अस्वल बाहेर आलं होतं. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा पावसानं चमकत होता. तेही त्याच माशासाठी आलं होतं, आणि डोह त्याच्या मते त्याचाच होता. मामा मिरचीचा फवारा हातात धरून काठाकाठानं पुढं सरकला. घाई नाही, आरडाओरडा नाही.

"जरा दम धरा, दादा," तो शेजाऱ्याशी बोलावं तसा अस्वलाशी बोलला. "पोरीचं काम उरकू द्या. मग डोह तुमचाच."

अस्वलानं फुसकारा टाकला. कान मागे पाडले. आणि धावलं! पाणी उसळलं, गोटे उडाले, लॉरेटाला फक्त एक प्रचंड तपकिरी छाती दिसली. मामा जागचा हलला नाही. अस्वल हातभर अंतरावर, मामाच्या पुढ्यात थबकलं. मामानं फवाऱ्याची कळ अजून दाबली नव्हती. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. नर लॉरेटाच्या मांडीला घासून निघाला होता. तिनं जाळं टाकलं. अडकला! तोल गेला, ती पाण्याखाली गेली, कानात गडगडाट, नाकातोंडात पाणी. पण शेपटीवर आवळलेला हात तिनं सोडला नाही. डेल दोर ओढत होता, ओढतच होता. ती काठावर आली ती खोकत, निळी पडून, मासा छातीशी धरून.

अस्वलानं एकदा तिच्याकडे आणि एकदा मामाकडे पाहिलं, आणि ते रुसल्यासारखं वळून झाडीत गेलं. मग कुठं मामानं फवारा खाली केला.

आता दूध काढायचं, पण लॉरेटाच्या केसांतून, बाह्यांतून, बोटांतून पाणी निथळत होतं. तिनं माशाला हात लावला असता तरी सगळं संपलं असतं. मामानं जाकीट काढून झुडपावर छत्रीसारखं ताणलं, आतला कोरडा शर्ट काढून त्यानं नर पुसला. राहिली दुधाची धार झेलायची कोरडी पिशवी. लॉरेटानं डेलकडे पाहिलं.

"पिशवी तू धर," ती म्हणाली. "हात पुसून घे आधी."

डेलनं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मामानं धार काढली तोवर श्वास घेतला नाही. ह्या वेळी एकही थेंब लागला नाही.

तळावर परतले तेव्हा ढग नदीला टेकले होते. उपग्रह फोनवर पायलटनं सांगून टाकलं, आज नाही, बहुधा उद्याही नाही. पेटीतला बर्फ निम्मा विरघळला होता. रात्र निघाली असती; दुसरी रात्र निघाली नसती. आणि नदी चढू लागली होती.

इथं एक नवल झालं. ज्या मामानं वाटभर नाकं मुरडली, तोच म्हणाला, "न्यायला आलीस ना? मग थांब. ढग फाटतील रात्रीतून."

लॉरेटाला थांबायचंच होतं. केंद्रात जवळजवळ सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघाली असती. खडीत घातली तर थोडीच तरतात. पण ढग फाटले नाहीत तर एकही नाही. तिला सकाळी चहाचं पाणी भरलेला झरा आठवला. डोंगराच्या पायथ्याशी फुटणारा, पावसानं न चढणारा, न गढुळणारा, खाली बारीक खडी. ती रडली, अगदी उघडपणे, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "इथंच घालू."

झऱ्याकाठी ताडपत्रीखाली परात ठेवली. तिनं गाभोळीवर दूध ओतलं. मामानं टोपीतलं गरुडाचं पीस काढून पुसलं, आणि तिनं त्या पिसानं अंडी हलकेच ढवळली. झऱ्याचं पाणी भांड्यात भरून तयार होतं. ती बाजूला झाली.

"डेल, ओत."

"मी?"

"आता पाणीच लागतं. ओत."

डेलनं पाणी ओतलं. दुधाचा पांढरा ढग परातभर पसरला आणि त्याखाली केशरी दाणे हळूहळू टणक होऊ लागले. रुजलं की नाही, ते वसंतातच कळणार होतं. तिघांनी बर्फासारख्या पाण्यात हातांनी खोल खड्डे केले, गोट्यांच्या पोकळीत ओंजळीनं अंडी सोडली आणि वर एकेक दगड रचला. रिकामी परात डेल विसळायला बसला तो उठेचना.

"घास नीट," मामा म्हणाला. "ताई बघतेय."

हेलिकॉप्टर आलं ते तिसऱ्या दिवशी. मादीचा उथळ खड्डा होता तिथून तांबडं पाणी झाडं घेऊन धावत होतं. झरा मात्र तळ दिसेल इतका स्वच्छ होता. पायलटनं पेटी उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. हलकी लागते, गाभोळी कुठाय, त्यानं विचारलं.

"घरी ठेवली," डेल म्हणाला, आणि धुतलेली परात मांडीवर घेऊन आत बसला.